‘ढ’ नक्की कोण?

गॅसवर दूध ठेवलं, तेवढ्यात फोन वाजला, बोलण्याच्या नादात दोन मिनिटं गेली आणि स्वयंपाकघरातून तो ओळखीचा करपट वास आला. धावत जाऊन गॅस बंद केला, तोवर ओट्यावर दुधाचं तळं झालेलं. आता नीट आठवून सांगा, अशा वेळी तुमच्या डोक्यात काय उमटतं? नुसतं ‘दूध उतू गेलं’? की ‘एक काम धड होत नाही तुझ्याच्याने! नेहमीचंच आहे. वेंधळी कुठली’?

हे दुसरं वाक्य जरा निरखून बघा, त्यात भलतीच गंमत दडली आहे. घरात तुमच्याशिवाय कुणी नाही. बोललात तुम्ही, ऐकलंतही तुम्हीच. मग हा ‘तुझ्याच्याने’ आला कुठून? ‘माझ्याच्याने’ का नाही? जेमतेम दीड किलोचा मेंदू, आणि त्यात छडी घेतलेले मास्तर आणि खाली मान घातलेला विद्यार्थी असे दोघं राहतात! मास्तरांच्या आवाजाकडे थोडा कान देऊन बघितलं तर तो ओळखीचासुद्धा वाटतो. चौथीतल्या बाई, मोठे काका, गावची आत्या. त्यांना जाऊन कित्येक वर्षं झाली असतील, पण दूध उतू गेलं की सगळे हजर.

हे मास्तर आत शिरले कधी आणि कसे?

भातुकली मांडून एकट्यानेच खेळणारं तीन-चार वर्षांचं मूल सापडलं तर दाराआडून ऐका. ‘आता हा डबा इकडे. नाही नाही, पडेल. आधी मोठा, मग छोटा. हं, अस्सं.’ कुणाशी चाललंय हे? बाहुलीशी नाही, तुमच्याशीही नाही. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी १९२३ साली या बोलण्याची नोंद केली आणि म्हटलं, लहान मूल स्वतःपलीकडे बघू शकत नाही, त्याचं हे लक्षण. मोठं झालं की ही बडबड विरून जाते.

मॉस्कोतल्या लेव विगोत्स्की यांना शंका आली. विरून जाते, की आत जाते? त्यांनी एक खोडसाळ प्रयोग केला. मुलं चित्र काढायला बसली की कुणाचा कागद गायब, कुणाची हवी त्या रंगाची पेन्सिल गायब. अडचण आली की स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट! म्हणजे ही बडबड फुकटची नव्हती, मूल तिच्यावर भार टाकून वाट काढत होतं. मग दुसरा प्रयोग. मुलाला मूकबधिर मुलांत बसवलं, परक्या भाषेच्या मुलांत बसवलं. बडबड एकदम घटली. आपलं बोलणं आजूबाजूच्यांना कळतंय असं वाटेनासं झालं की ते आटत होतं. म्हणजे त्याचं मूळ माणसामाणसांतल्या बोलण्यात होतं. आधी आई सांगते ‘सावकाश, पडेल’, मग मूल स्वतःला मोठ्याने सांगतं ‘सावकाश, पडेल’, मग पुटपुटतं, आणि एक दिवस ओठ मिटतात. विगोत्स्की १९३४ साली क्षयाने गेले, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. हा सगळा विचार मांडणारं त्यांचं ‘विचार आणि भाषा’ हे पुस्तक त्याच वर्षी निघालं.

ओठ मिटले तरी बोलणं पुरतं मूक होत नाही, हा आणखी एक नवलाचा भाग. शिकागोमध्ये एडमंड जेकबसन यांनी १९३०च्या सुमारास लोकांच्या जिभेच्या आणि ओठांच्या स्नायूंची विद्युत हालचाल मोजली. माणूस शांत पडून मनात शब्द म्हणत असेल, तेव्हाही तिथे बारीक स्पंदनं दिसत होती. चाळीस वर्षांचा गृहस्थ ‘काय गाढव आहेस तू’ असं मनात म्हणतो, तेव्हा त्याची जीभ अजून किंचित पुटपुटत असू शकते.

रशियात कशाला जायचं, आपल्या शाळेतले पाढे आठवा ना. आधी सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा. मग घरी आपण पुटपुटायचो. मग मनातल्या मनात. आज भाजीवाल्याचा हिशोब करताना ‘बारा सत्ते चौऱ्याऐंशी’ येतं ते कसं येतं? त्याच हेलात! पाढा आत गेला तेव्हा सूरही त्याच्याबरोबर आत गेला. डोक्यातल्या मास्तरांचं अगदी तसंच आहे. ‘नीट बघून कर’ हा उपयोगाचा सल्ला आत गेला आणि तो ज्या सुरात मिळाला तो सूरही. सूर मायेचा होता की हेटाळणीचा, हे आपल्या हातात नव्हतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे ती फार कामाला येणार आहे.

पण मास्तर हवेतच कशाला? चूक झालीय हे कळायला कुणीतरी नको का? गंमत म्हणजे त्यासाठी मेंदूने वेगळीच व्यवस्था केलेली आहे आणि तिला शब्द लागत नाहीत.

१९९०च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी डोक्याला विद्युतलहरी टिपणारी यंत्रं लावून लोकांना साधं काम दिलं. अमुक अक्षर दिसलं की डावं बटण, तमुक दिसलं की उजवं. घाईत माणसं चुकायचीच. चुकीचं बटण दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, डोक्याच्या पुढच्या-मधल्या भागात एक ठळक लहर उमटत होती. सेकंदाचा दहावा भाग! तोंडून ‘अरेच्चा’ निघायला याहून जास्त वेळ लागतो. तुम्ही चुकल्याची बातमी तुमच्या मेंदूला तुमच्या आधी लागते.

ही लहर म्हणजे कुकरची शिट्टी. शिट्टी सांगते, इकडे लक्ष दे. ‘तुला स्वयंपाक येत नाही’ असं कुठल्या कुकरने आजवर सुनावलं आहे का? शिट्टी वाजली, गॅस बारीक केला, विषय संपला. टोमणा त्यानंतर येतो, आणि तो शिट्टीचा नसतो, मास्तरांचा असतो. आपण मात्र दोन्ही एकच समजतो. ‘मी स्वतःला बोललो नाही तर सुधारणार कसा?’ असं म्हणणारा माणूस सुधारण्याचं श्रेय शिट्टीऐवजी टोमण्याला देत असतो.

मास्तरांचे आवडते शब्दही छोटे असतात. न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस १९५०च्या दशकात म्हणू लागले, की माणसाला छळतात त्या त्याच्या इच्छा नसतात, त्या इच्छांना त्याने चढवलेला हुकमाचा साज छळतो. हे समजवायला इंग्रजीत त्यांना बरीच मेहनत घ्यावी लागली. मराठीत एक अक्षर पुरतं: ‘च’. ‘मला हे जमावं’ आणि ‘मला हे जमलंच पाहिजे’ ही दोन वाक्यं ओळीने म्हणून बघा, दुसऱ्यात छाती आवळल्यासारखी होते की नाही? मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिसांशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही विचारपद्धती आपल्याकडे रुजवली. ती मराठीत इतकी सहज रुळली त्यात या ‘च’चाही वाटा असावा, असा माझा आपला एक अंदाज.

दुसरं अक्षर ‘ढ’. जगातल्या किती भाषांत एका अक्षरात माणूस निकालात काढता येतो, कोण जाणे! या शिवीमागची कथा शाळेत ऐकली असेल. अशोकाच्या शिलालेखांतली ब्राह्मी लिपी बदलत बदलत देवनागरी झाली. दोन हजारांहून जास्त वर्षांत अक्षरांचे चेहरे ओळखू येणार नाहीत इतके बदलले. ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकतच नाही, तो ‘ढ’. व्युत्पत्ती म्हणून ही कथा कितपत टिकेल ते पंडितांनी ठरवावं, पण ब्राह्मीतला ‘ढ’ एकदा बघाच, लांबचा भाऊ भेटल्यासारखं वाटतं.

आता ही कसोटी मास्तरांना लावून बघू. तुम्ही सात वर्षांचे होतात ते चाळिशीला आलात. नोकरी बदलली, भाषा शिकलात, मुलं वाढवलीत, आजारपणं काढलीत. मास्तरांचा धडा? तोच. शब्द तेच, सूर तोच, छडीसुद्धा तीच. मग या वर्गात ‘ढ’ नक्की कोण?

मास्तर बोलत असतात हे आपल्याला बहुतेक वेळा कळतही नाही. फिलाडेल्फियात एरन बेक नावाचे डॉक्टर होते. रुग्णाने कोचावर पडून मनात येईल ते बोलायचं, ही त्या वेळची रीत. एक बाई आपल्या खासगी आयुष्याबद्दल मोकळेपणाने सांगत होती. बेक यांनी विचारलं, आत्ता कसं वाटतंय? म्हणाली, धास्ती वाटतेय. कशाची? सांगायला संकोच वाटणाऱ्या त्या विषयाची असेल, असं कुणालाही वाटेल. पण नाही! आपण डॉक्टरांना कंटाळा आणतोय, असं तिला सारखं वाटत होतं. तोंडाने एक गोष्ट चाललेली आणि त्याच वेळी आत दुसरी, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखी, मंद आणि अखंड. बेक यांनी इतर रुग्णांना विचारायला सुरुवात केली आणि घरोघरी हा रेडिओ सापडला. आपोआप येणारे विचार, असं त्यांनी त्याला नाव दिलं आणि त्यावर उपचारांची एक अख्खी शाखा उभी केली. स्वतः शंभरी गाठून २०२१ साली गेले. (हा रेडिओ थांबतच नसेल, जेवणझोप त्याने खाल्ली असेल, तर मात्र लेख वाचत बसू नये, डॉक्टर गाठावा, सरकारी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.)

शब्दांनी काय होतंय, असं वाटतं? मीठ-तिखट लावलेली कैरीची फोड डोळ्यांपुढे आणा. हिरवी, करकरीत, दाताखाली कचकन तुटणारी. आलं ना पाणी तोंडाला? कैरी कुठे आहे? कागदावर चार शब्द आहेत फक्त. शब्दांनी लाळ सुटते, तर शब्दांनी छाती का धडधडू नये? कुणी अंगावर आलं की शरीर लढायची नाही तर पळायची तयारी करतं. मारणारा बाहेर असेल तर पळून तरी जाता येतं. इथे मारणारा आणि मार खाणारा एकाच सदऱ्यात. लढायचं कुणाशी, पळायचं कुठे? शरीर बिचारं दोन्हीकडची तयारी करून दमतं.

स्वतःलाच असं झोडपणं सगळ्या माणसांत असणारच, नाही का? मलाही तसंच वाटायचं. १९९० साली धर्मशाळेत दलाई लामा आणि पाश्चात्त्य अभ्यासक यांच्या बैठकीत ध्यानशिक्षिका शॅरन साल्झबर्ग यांनी विचारलं, स्वतःविषयीच्या तिरस्काराबद्दल आपलं काय म्हणणं आहे? दलाई लामांनी दुभाष्याला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग साल्झबर्ग यांनाच विचारलं, ते काय असतं? तिबेटी दुःखाबद्दल त्यांना भरपूर ठाऊक होतं, निर्वासितांच्या नेत्याला ते कुणी शिकवायला नको. पण माणूस स्वतःचा द्वेष करतो, ही कल्पनाच त्यांच्या गळी उतरेना. आपण जे ‘मनाचा स्वभाव’ म्हणून गृहीत धरून बसलोय, ते निदान काही अंशी शिकवलेलं आहे, असा याचा अर्थ नाही का होत?

बरं, मग मास्तरांचं करायचं काय? सरळ गप्प करावं? टेक्सासमध्ये डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना सांगितलं: पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. खोलीत घंट्याच घंट्या! अस्वल आलं नाही ना हे तपासायचं तर मेंदूला अस्वल ध्यानात ठेवावंच लागतं. मग उलट करावं, आरशासमोर स्वतःची स्तुती करावी? कॅनडातल्या जोअॅन वुड यांच्या २००९च्या प्रयोगात हा उपायही तपासला गेला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं पुन्हा पुन्हा म्हटल्यावर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट होतं, त्यांना आणखी वाईट वाटलं! ज्यांना गरज, त्यांनाच अपाय. मास्तर आतून ‘खोटारडी’ म्हणत असणार, दुसरं काय.

आणि इथे तो सूर कामाला येतो. ब्रिटिश मानसतज्ज्ञ पॉल गिल्बर्ट एका रुग्ण बाईला मास्तरांच्या टोमण्यांना समजूतदार उत्तरं द्यायला शिकवत होते. तिला उत्तरं अचूक यायची. आराम मात्र शून्य. शेवटी गिल्बर्ट म्हणाले, हे डोक्यात जसं ऐकू येतं तसंच मोठ्याने म्हणून दाखव. तिने म्हटलं आणि दोघंही दचकले. शब्द धीराचे, सूर खेकसण्याचा! पाढा बरोबर होता, पण हेल त्याच जुन्या वर्गातला. ‘अगं, होतं असं’ हे वाक्य दात-ओठ खात म्हणून बघा, म्हणजे ती का बरी होत नव्हती ते कळेल. गिल्बर्ट यांनी पुढची सगळी पद्धत या सुरावर, त्यातल्या मायेवर उभी केली.

सूर बदलायचा कसा? मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोकांना जेमतेम थोडा वेळ देऊन परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं. त्याआधी अर्ध्यांनी ‘मी का घाबरतोय?’ असा विचार करायचा, बाकीच्यांनी स्वतःचं नाव घेऊन, ‘तू’ म्हणून. नाव घेणारे कमी घाबरले, बरं बोलले आणि नंतर त्यावर कमी कुढत बसले. पुढे २०१७ साली मेंदूच्या लहरी तपासल्या, तर नाव घेऊन बोलताच भावनेचा जोर एका सेकंदाच्या आत उतरताना दिसला. एक सेकंद! आणि त्यासाठी मेंदूला जास्तीचे कष्ट पडल्याची खूणही दिसली नाही.

थांबा, पण मास्तरही ‘तू’च म्हणत होते की! तेच सर्वनाम, तोच मेंदू. एका ‘तू’त छडी असते आणि दुसऱ्या ‘तू’त खांद्यावरचा हात. मैत्रिणीचं दूध उतू गेलं तर तिला ‘वेंधळी कुठली’ म्हणाल, पण हसत, फडकं हातात घेऊन. नाव घेतलं की आपण क्षणभर आपले शेजारी होतो, आणि शेजाऱ्याचं दुःख आपल्याला नेहमीच जास्त समंजसपणे बघता येतं.

मराठी माणसाला खरं तर याचं अप्रूप वाटू नये. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम, सगळे अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालून ‘म्हणे’ म्हणतात. ती रचनाकाराची खूण होती, मानसशास्त्राची युक्ती नव्हे, हे मान्य. पण विचार करा, आत कालवाकालव चाललेली असताना दर वेळी स्वतःच्या बाहेर दोन पावलं जाऊन, हा अमुक असं म्हणतोय, असं सांगायचं! रामदासांनी तर मनालाच समोर बसवलं आणि २०५ श्लोक त्याच्याशी बोलण्यात घालवले, आणि सुरुवातीची हाक कशी, तर भल्या माणसाला मारावी तशी. शिवाय आपल्याकडे ‘आपण’ आहे. ‘चुकलं आपलं, पुसून टाकू’ या वाक्यात ‘मी’ही आहे, ‘तू’ही आहे आणि दोघं एका बाजूला आहेत. बोलणारा आणि ऐकणारा यांना एका पाटावर बसवणारं असं सर्वनाम इंग्रजीत नाही.

‘अहो पण असे लाड केले तर माणूस आळशी होईल’ हा आक्षेप मला पाठ आहे, माझ्याच मास्तरांनी तो हजारदा घेतलाय. बर्कलीमध्ये जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली त्याची परीक्षा पाहिली. विद्यार्थ्यांना शब्दांची मुद्दाम अवघड परीक्षा दिली, सगळे आपटले. मग काहींना सांगितलं, ही सगळ्यांनाच जड जाते, स्वतःवर चिडू नका. काहींची स्तुती केली, तुम्ही हुशार म्हणून तर इथे आलात. काहींना काहीच सांगितलं नाही. पुन्हा परीक्षा होती, अभ्यासाला हवा तेवढा वेळ. जास्त वेळ कोण बसलं? ज्यांना ‘चिडू नका’ सांगितलं होतं ते! कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातही २०१० साली असंच दिसलं. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. कारण उघड आहे: जिथे मार बसतो त्या वर्गात कोण स्वतःहून परत जाईल? पुस्तक उघडायचं म्हणजे मास्तरांसमोर उभं राहायचं, त्यापेक्षा पुस्तकच नको.

शेवटी एक खेळ, घरी करण्याजोगा. एडवर्ड टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, की एकच शब्द भराभर म्हणत राहिलं की अर्थ गळून पडतो आणि नुसता आवाज उरतो. आता स्टीव्हन हेस यांच्या पद्धतीचे मानसतज्ज्ञ हेच तंत्र मास्तरांच्या शिव्यांवर वापरतात. खोलीचं दार लावा, लोक काही म्हणायला नकोत. आणि मोठ्याने, अर्धं मिनिट, न थांबता म्हणा: ढ ढ ढ ढ ढ ढ. पहिल्या चार-पाच वेळा चौथीचा वर्ग दिसतो. मग जीभ अडखळते. मग हसू येतं. आणि तरीही चालू ठेवलंत, तर तिसाव्या सेकंदाच्या आसपास, लक्ष्मी रोडवरून येणाऱ्या विसर्जनाच्या मिरवणुकीतला ढोल ऐकू यायला लागतो.